अनाथ समजून पिल्लं उचलली, आई मात्र जिन्याखाली शोधत होती

रानजाई
सोमवार, रात्री ११:५२

चूक माझी आहे हे आधीच सांगते. बोलणी घालायची तर घाला, पण आधी उत्तर द्या, हातात वेळ कमी आहे.

शनिवारी सकाळी जिन्याखाली, रद्दीच्या खोक्यात चार मांजराची पिल्लं दिसली. डोळे मिटलेले, नाळ गळून पडलेली, म्हणजे आठवड्याच्या आतबाहेरची. दहा मिनिटं उभी राहिले, आई दिसली नाही, घरी घेऊन आले. चार वर्षं फॉस्टर करतेय, म्हणजे बेघर जनावरं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळतेय, बाटलीवरची पिल्लं मला नवीन नाहीत. बहुतेक म्हणूनच हात इतक्या पटकन पुढे गेला.

आज संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "दोन रात्री एक पट्टेरी मांजर जिन्याखाली ओरडत फिरतेय गं, डोळ्याला डोळा नाही." तेव्हापासून काही सुचत नाहीये. आता आठवतंय की पिल्लं शांत झोपलेली होती. पोटं गोल होती, अंग चाटून स्वच्छ केलेलं होतं. हे सगळं मला दिसलं होतं!

साठेक तास झालेत. आई परत घेईल का? माझ्या हातांचा वास लागलाय त्यांना. आत्ताच खाली नेऊन ठेवू का? शिवाय चौथं पिल्लू फार बारकं आहे, कालपासून वजन ११८ ग्रॅमवर अडकलंय. बाकीची १६०-१७० आहेत.

तुरतुरी
मंगळवार, रात्री १२:१०

वासाचं डोक्यातून काढून टाक. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लं टाकत नाही. ती अजून हाका मारत फिरतेय म्हणजे तिला ती हवी आहेत. दूधही एका दिवसात आटत नाही, काही दिवस लागतात.

पण आत्ता मध्यरात्री खोक्यात ठेवून येऊ नकोस. तिला दिसेपर्यंत ती गारठतील, किंवा एखादा बोका आधी पोचेल. आणि ती आली तरी एकेक करून कुठेतरी हलवेल, मग बारक्याचं काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आईला वर आण. पिल्लं खाली नेण्यापेक्षा ते बरं. सापळ्याचा पिंजरा कुणाकडून मिळतोय का बघ. पिल्लांचा ओरडा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, भूक लागल्यावर करतात तो. उद्या सविस्तर लिहिते.

चकवा
मंगळवार, रात्री १२:३१

बोलणी घालत नाही. माझ्या हातून हे तीनदा झालंय, तू एकदाच सांगतेयस.

नंतर धागा वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. आई पिल्लांपाशी दिवसभर बसून नसते. तिला खायला शोधायचं असतं, आणि आपण तिथे उभे असू तर ती येतच नाही, कुठल्या तरी गाडीखालून आपल्याकडे बघत बसते. त्यामुळे "दहा मिनिटं थांबलो" याला काही अर्थ नाही. लांब जायचं, नजरेआड व्हायचं, आणि काही तास द्यायचे. सतत लक्ष ठेवणं जमत नसेल तर पिल्लांभोवती पिठाचं बारीक रिंगण घालून निघून जायचं. परत आल्यावर पिठात पंजे उमटलेले दिसले तर आई येऊन गेली.

गुबगुबीत, उबदार, झोपलेली पिल्लं म्हणजे आई आहे. अंग मळलेलं, गार लागतंय, थांबायचं नाव न घेता ओरडतायत, अंगावर मुंग्या किंवा माश्या आहेत, तर मात्र वाट बघायची नाही. आणि जागाच धोक्याची असेल, गाड्यांची वर्दळ, मोकाट कुत्री, तर हे सगळे नियम बाजूला.

तिसरा_मजला
मंगळवार, सकाळी ७:०५

बारक्याला ताप असेल. लहान मुलांचं तापाचं सिरप असतं ना घरात, त्याचे दोन थेंब द्या. आमच्या कुत्रीला एकदा दिलं होतं, काही झालं नाही.

निवृत्त_पशुवैद्य
मंगळवार, सकाळी ७:२२

रानजाई, वरचा सल्ला कृपया अजिबात ऐकू नका. पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकणारं विकर मांजराच्या यकृतात जवळपास नसतंच, त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि जनावर गुदमरून जातं. मोठ्या मांजराला एक गोळी पुरते. १०० ग्रॅमच्या पिल्लाचं काय बोलणार. सुरक्षित मात्रा नाहीच. तसंच कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला कधीही लावू नका. माझ्या नोकरीच्या काळात झटके येत असलेली जी मांजरं टेबलावर आली, त्यात या एका कारणाची पुष्कळ होती.

बारक्याबद्दल: आधी अंगाला हात लावून बघा. गार लागतंय का? या वयात पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवूच शकत नाही. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही. आतडी थांबलेली असतात, दूध पोटात पडून राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, सावकाश. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. मग दूध.

तिसरा_मजला
मंगळवार, सकाळी ७:४०

माफ करा, माहीत नव्हतं. पोस्ट काढून टाकू का?

निवृत्त_पशुवैद्य
मंगळवार, सकाळी ७:४३

राहू द्या. असाच प्रश्न आणखी कुणाच्या मनात असेल, त्याला खालचं उत्तर वाचायला मिळेल.

पागोळी
मंगळवार, सकाळी ९:१५

रानजाई, माझ्याकडे आत्ता एक दूध पाजणारी भाटी आहे, तिची स्वतःची तीनच आहेत. ही चार तिच्याकडे दिली तर? ती अगदी मायाळू आहे, मागे परकं पिल्लू घेतलं होतं तिने.

तुरतुरी
मंगळवार, सकाळी ९:५०

पागोळी, मन मोठं आहे तुझं, पण थांब. दोघींचीही पिल्लं धोक्यात येतील.

गेल्या वर्षी मी हेच केलं. बाहेरून आलेली दोन पिल्लं दिसायला ठणठणीत होती, म्हणून घरातल्या बाळंतिणीकडे सोडली. चौथ्या दिवशी एक मलूल झालं, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलं पण पीत नव्हतं. पॅनल्यूक, मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. आठवड्याभरात पाच पिल्लं गेली. भाटी वाचली, कारण तिचं लसीकरण झालेलं होतं.

तेव्हापासून कुणीही आलं की १४ दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी चप्पल, वेगळा गाऊन. खोली नसेल तर बाथरूम. तेही नसेल तर "सध्या जागा नाही" असं सांगायचं. ते सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि अजूनही सांगताना घसा कोरडा पडतो.

हा विषाणू साध्या फिनाइलने मरत नाही, आणि फिनाइल मांजरांना बाधतंही. आधी घाण साबणाने धुऊन काढायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग, १० मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे. इतकं करूनही तो कोपऱ्याकापऱ्यांत वर्षभर टिकू शकतो. म्हणून त्या खोलीत मी अजून लस न झालेलं पिल्लू ठेवत नाही. कुत्रेवाल्यांनी हसू नये, तुमचा पार्वो त्याचाच भाऊबंद आहे. १९७८ च्या सुमाराला तो जगभर पसरला, आणि मूळ याच कुळातलं.

पागोळी
मंगळवार, सकाळी १०:०२

बाप रे. बरं झालं विचारलं. मग दुधाची पावडर आहे दोन डबे, ती तरी घ्या.

नवखी
मंगळवार, दुपारी २:३०

विषय थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारते. पहिल्यांदाच फॉस्टर करतेय. नऊ वर्षांचा लॅब्राडोर आहे, मालकांनी संस्थेकडे सोडून दिला. तीन दिवस झाले, दाराशी बसून असतो. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो, मग परत बसतो. खाण्याच्या भांड्याशी जातो, वास घेतो, मागे फिरतो. पाणी पितो. डॉक्टरांनी तपासलं, रक्त ठीक आहे. माझंच काही चुकतंय का?

उंबरठा
मंगळवार, दुपारी २:४१

तुमचं नाही, त्या मालकांचं चुकलंय. नऊ वर्षं एका जिवाला वाढवायचं आणि म्हातारा झाला की सामानासारखा द्यायचा. अशा माणसांना परत कधी जनावर मिळता कामा नये. नावं जाहीर करावीत असं माझं मत आहे.

अर्धा_चंद्र
मंगळवार, दुपारी २:५५

+१

खडूस_काका
मंगळवार, दुपारी ३:०४

+१. माणसापेक्षा कुत्रा बरा वगैरे वगैरे.

चकवा
मंगळवार, दुपारी ३:२०

नवखी, तीन दिवस फार नाहीत. आम्ही ढोबळपणे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं धरतो. तीन दिवस तो भांबावलेला, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळायला लागतं, तीन महिन्यांत तो खरा कसा आहे ते दिसतं. लगेच पाहुण्यांना भेटवू नका, अंघोळ घालू नका, उगाच मिठ्या मारू नका. तुम्ही जमिनीवर बसा, पाठ त्याच्याकडे, पुस्तक वाचा. एवढंच.

कुत्रा दोन-तीन दिवस कमी खाऊन निभावतो. हे मांजराच्या बाबतीत चालत नाही हं. मोठं मांजर, त्यातही लठ्ठ, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. सोडून दिलेल्या मांजरांचं हे नेहमी होतं, कपाटाखाली बसून राहतात आणि लोक म्हणतात "रुळेल हळूहळू".

आधीच्या घरातून काय काय आलंय? चादर, भांडं, काही?

नवखी
मंगळवार, दुपारी ३:३५

फक्त पट्टा आणि एक फॉर्म. फॉर्मवर नाव, वय, लसी. "सोडण्याचे कारण" या रकान्यात "वैयक्तिक".

सुईदोरा
मंगळवार, रात्री ९:४८

दुपारपासून चार वेळा लिहून खोडलं. एरवी मी इथे फक्त वाचते.

मी सोडलाय कुत्रा. आठ वर्षांचा होता. आईचं आजारपण निघालं, मला तिच्यापाशी दुसऱ्या गावी राहावं लागणार होतं, तिथे रुग्णालय आणि एक भाड्याची खोली. घरात दुसरं कुणी नाही. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे, सगळ्यांना विचारून झालं. मग एका गटावर लिहिलं की याला चांगलं घर हवंय. ६७ उत्तरं आली. त्यातली बहुतेक उंबरठा यांनी लिहिलंय तशी होती. लाज कशी वाटत नाही, पोटच्या पोराला असंच द्याल का, वगैरे. कुणी एकानेही विचारलं नाही की किती दिवसांसाठी?

पाच महिन्यांसाठी. पाच महिन्यांनी मी घरी परत आले. तोवर तो दुसऱ्या घरात रुळला होता, त्यांनी फोटो पाठवला, मी परत मागितला नाही. मागणं बरोबर झालं नसतं.

फॉर्मवर मीही "वैयक्तिक" लिहिलं होतं. नवखी, त्या माणसांना एक फोन करून बघा. मला कुणी फोन केला असता तर मी दोन तास त्याच्याबद्दल बोलले असते.

उंबरठा
मंगळवार, रात्री १०:१५

सुईदोरा, वाचलं. माझं दुपारचं वाक्य मी मागे घेतो. सगळ्यांबाबत घेतो असं नाही, कारण खांबाला बांधून जाणारेही मी पाहिलेत. पण तुमच्याबाबत, आणि कदाचित नवखींच्या कुत्र्याच्या घराबाबतही.

तुरतुरी
मंगळवार, रात्री १०:४०

आमच्या गटात दीड वर्षापासून फॉर्मवर पहिला प्रश्न बदललाय. "का सोडताय?" ऐवजी "जनावर तुमच्याकडेच राहावं यासाठी काय लागेल?" उत्तरं बघून आम्हीच चाट पडलो. कुणाला ऑपरेशननंतर सहा आठवडे कुत्र्याला फिरवायला माणूस हवं होतं. कुणाचा बोका घरभर मुतत होता, त्याची नसबंदीच झालेली नव्हती. एका ताईंना घरमालकाशी बोलणारं कुणीतरी हवं होतं. सगळे सुटत नाहीत, पण जे सुटले त्यांनी आमच्या खोल्या रिकाम्या ठेवल्या. आणि रिकामी खोली असली की खऱ्या अनाथाला जागा मिळते.

रानजाईच्या पिल्लांचंही तेच नाही का? आपल्याला उचलण्याची सवय लागलीय. जिला थोडी मदत दिली तर ती स्वतःच सांभाळेल, तिला आपण मोजतच नाही.

असो. रानजाई, पिंजरा मिळाला?

रानजाई
बुधवार, सकाळी ६:२०

मिळाला. पण बारकं पहाटे गेलं. ऊब दिली होती, दोन-दोन तासांनी पाजत होते, डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. शेवटी श्वास घ्यायला तोंड उघडत होतं. मला माहीत आहे की आईपाशी असतं तरी कदाचित गेलं असतं. "कदाचित" या शब्दावर रात्र काढली.

आज रात्री सापळा लावतेय. सूचना द्या.

निवृत्त_पशुवैद्य
बुधवार, सकाळी ६:४५

वाईट वाटलं. इतक्या लहान वयात काही पिल्लं सगळं नीट करूनही ढासळतात, जन्मतःच काही दोष असू शकतो, बाहेरून कळत नाही. उरलेल्यांचं वजन रोज त्याच वेळी घ्या. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढलं पाहिजे. एक दिवस थांबलं तर लक्ष, दोन दिवस थांबलं तर दवाखाना. पाजताना पोटावर, कधीही पाठीवर नाही. पाजून झालं की ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसा, या वयात त्यांना आपणहून होत नाही.

तुरतुरी
बुधवार, सकाळी ८:३०

सापळा असा लाव: पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला चिकटून पिल्लांचा कॅरिअर, जाळीचं तोंड पिंजऱ्याकडे, वरून दोन्हींवर एकच चादर. तिला ओरडा ऐकू आला पाहिजे, वास आला पाहिजे, आणि त्यांच्यापर्यंत जायचा एकच रस्ता दिसला पाहिजे, पिंजऱ्यातून. कॅरिअरमध्ये गरम पिशवी. पिल्लं पोटभर पाजून न्यायची, अर्ध्या तासापेक्षा जास्त खाली ठेवायची नाहीत. आली नाही तर पिल्लं वर आणायची आणि रेकॉर्डिंग लावायचं. तू लांब, अंधारात, गप्प. चावली किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहतं पाणी १५ मिनिटं, मग लगेच डॉक्टर, लाजायचं नाही.

हे काम करणाऱ्या सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी. चावल्यानंतर घ्यायची ती वेगळी, चावण्याआधीचीही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून ती दोन डोसांवर आणलीय, पहिला डोस आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा. चावा मात्र नंतर बसला तरी पुन्हा डोस लागतातच.

नवखी
बुधवार, संध्याकाळी ७:१०

संस्थेमार्फत विचारून फोन केला. मालक एकटेच राहायचे, ७४ वर्षांचे, पडून खुब्याचं हाड मोडलंय. मुलगी त्यांना तिच्याकडे घेऊन गेली, तिथे कुत्रा चालत नाही. पाऊण तास बोलत होते. शेवटी म्हणाले, "भांडं स्टुलावर ठेवता ना?"

त्याची मान दुखते, दोन वर्षांपासून. खाली वाकून खाता येत नाही. पाण्याचं भांडं आमच्याकडे योगायोगाने उंच होतं.

स्टुलावर ठेवलं. खाल्लं.

सुईदोरा
बुधवार, संध्याकाळी ७:१८

.

(काही लिहिता येत नाहीये.)

खडूस_काका
बुधवार, संध्याकाळी ७:३०

कालचं +१ परत घेतो.

रानजाई
बुधवार, रात्री ११:३७

आली!!! दहा वाजता आली, पिंजऱ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, माझ्या दिशेने एकदा फिस्कारली आणि आत. दार पडलं तेव्हा पिंजऱ्यात थयथयाट, मग कॅरिअरमधून चिरका आवाज आला आणि ती एकदम थांबली. बाथरूममध्ये आणलं, कॅरिअर उघडा ठेवला, दिवा बंद केला, दार लावलं. फटीतून ऐकतेय. चाटण्याचा आवाज येतोय.

पागोळी
बुधवार, रात्री ११:४०

आता बाळ झाल्यासारखं वाटतंय मला.

निवृत्त_पशुवैद्य
गुरुवार, सकाळी ७:००

छान. दोन गोष्टी. पहिले काही दिवस वजनं घेत राहा, तिचं दूध मधे थांबलं असेल तर वरचं थोडं लागेल. दुसरं, पिल्लं आठेक आठवड्यांची होऊन त्यांचं दूध सुटलं की तिची नसबंदी करूनच बाहेर सोडा. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं असतं. पिल्लांचीही एक किलोच्या आसपास वजन आलं की करता येते, कुणाला दत्तक देण्याआधीच.

नवखी
रविवार, सकाळी १०:२५

आजोबांना रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतोय. कुत्रा त्यांचा आवाज ऐकून स्क्रीनच्या मागे जाऊन शोधतो, म्हणून आता फक्त आजोबा त्याला बघतात, त्यांचा आवाज बंद ठेवतो. ते चालायला लागले की परत न्यायचा विचार आहे, मुलीशी बोलणं चाललंय. नाही जमलं तर माझ्याकडेच. माझ्या फॉर्मवर "किती दिवसांसाठी" हा रकाना रिकामा ठेवलाय.

रानजाई
रविवार, रात्री ९:५०

वजनं: २२१, २१४, २०६. वरचं दूध शुक्रवारी बंद केलं. एकाचा डावा डोळा उघडलाय, उजवा अजून नाही, त्यामुळे डोळा मारल्यासारखा दिसतो. बाथरूम पूर्णपणे तिच्या ताब्यात आहे, आम्ही अंघोळीला तळमजल्यावर आजींकडे जातो. आजींना आता शांततेने झोप लागत नाही म्हणे.

खडूस_काका
रविवार, रात्री ९:५२

फोटोशिवाय धागा ग्राह्य धरला जाणार नाही.

रानजाई
रविवार, रात्री १०:०५

काढायला गेले होते. तिने पंजा मारून फोन बादलीत पाडला. हे नवऱ्याच्या फोनवरून लिहितेय.